पोर्टेबल हार्ड डिस्कवर बॅकअप कसा घ्यावा: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

लॅपटॉप भरत आला की बहुतेक घरांत एक पोर्टेबल हार्ड डिस्क येते. जुने फोटो, लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे प्रोजेक्ट कट करून तिच्यावर पेस्ट होतात, लॅपटॉपवर जागा मोकळी होते आणि घरातले सगळे निर्धास्तपणे सांगू लागतात, 'आमच्याकडे बॅकअप आहे.' तो बॅकअप नव्हे. फाइल आधी लॅपटॉपवर एकटी होती, आता डिस्कवर एकटी आहे. उद्या ती डिस्क टेबलावरून पडली की दहा वर्षांचे फोटो एका क्षणात जातात.

मूळ फाइल जागेवर असताना तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असणं, याला बॅकअप म्हणायचं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं आहे. लॅपटॉपवर जागाच उरली नसेल तर दोन डिस्क घ्या आणि दोन्हींवर तेच फोटो ठेवा, पण कोणतीही फाइल एकाच ठिकाणी राहू देऊ नका.

खालची माहिती मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. मॅकचं काम थोडक्यात उरकतं, तेही पुढे दिलं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक जण ११ वर जात आहेत किंवा नवा लॅपटॉप घेत आहेत. यापैकी काहीही करण्याआधी बॅकअप घ्या, आणि मशीन दुकानात फॉरमॅट मारायला देण्याआधी तर घ्याच.

डिस्क घेताना

घरच्या वापराला अडीच इंची पोर्टेबल डिस्क पुरते. ती यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो शोधण्याचा कंटाळा हेच पुढे बॅकअप राहून जाण्याचं कारण होतं. लॅपटॉपवर सध्या किती जागा वापरात आहे ते पाहा आणि त्याच्या किमान दुप्पट क्षमता घ्या. ३०० जीबी वापरात असेल तर १ टीबी चालेल. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर २ टीबीच्या खाली जाऊ नका.

१ टीबीची डिस्क जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि विंडोज तोच आकडा १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तो लहान दिसतो.

खरी फसवणूक वेगळी असते. ऑनलाइन '१६ टीबी पोर्टेबल डिस्क' अगदी किरकोळ किमतीत दिसते. या आकाराच्या हार्ड डिस्क ५-६ टीबीपर्यंतच मिळतात. त्या स्वस्त डबीत बहुधा एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं. सुरुवातीच्या फाइली नीट जातात, नंतरच्या कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि उघडतच नाहीत. हार्ड डिस्क प्रत्यक्ष बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. यांच्यापैकी कोणाचीही घ्या, पक्क्या बिलासह घ्या. आणि वॉरंटीचा अर्थ नीट समजून घ्या: साध्या वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही.

एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. तिच्यात फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती पडली-आपटली तरी सहसा टिकते आणि वेगानेही चालते. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त लागतात, आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवून द्यायला ती योग्य नाही. रोज बॅगेतून न्यायची असेल तर एसएसडी घ्या. घरी ठेवून महिन्या-पंधरवड्याने बॅकअप घ्यायचा असेल तर साधी हार्ड डिस्क घ्या, आणि उरलेल्या पैशांतून जमलं तर दुसरी.

काय काय वाचवायचं, ते आधी कागदावर

डिस्क जोडण्याआधी अर्धा तास यात घालवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स हे पाच फोल्डर सगळ्यांना आठवतात. डाउनलोड्समध्ये नुसता कचरा आहे असं वाटतं, पण सातबाऱ्याचे उतारे, इन्शुरन्सच्या पावत्या, आयटी रिटर्नच्या पोचपावत्या तिथेच पडून असतात. त्याशिवाय डी ड्राइव्ह असेल तर तो पूर्ण पाहा.

यापलीकडच्या गोष्टी विसरल्या जातात. दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशोब टॅलीत असेल तर तो डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्या फोल्डरचा मार्ग लिहिलेला दिसतो, तो टिपून घ्या. टॅलीची स्वतःची बॅकअपची सोय वापरा किंवा टॅली बंद करून तो फोल्डर कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. आउटलुकमध्ये मेल असेल तर पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवलेली फाइल, शोधा. ती अनेकदा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये असते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तुमचं जुनं लेखन श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर नुसती डॉक्युमेंट फाइल वाचवून भागत नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. नव्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला की पंधरा वर्षांचं लेखन म्हणजे स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. दिवाळी अंकांच्या कचेऱ्या, लग्नपत्रिका छापणारे, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करणारे अशा अनेकांकडे हा साठा आजही आहे. म्हणून फॉन्टच्या फाइली आणि सॉफ्टवेअरची सीडी किंवा सेटअप असेल तर तोही डिस्कवर 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरमध्ये घ्या. महत्त्वाच्या मजकुराची फॉन्टसकट पीडीएफ करून तीही ठेवा, कारण पीडीएफ कुठेही जशीच्या तशी दिसते. आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, म्हणजे पुढे फॉन्टवर अवलंबून राहावं लागणार नाही.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याकडेही लक्ष द्या. विंडोज ११ मध्ये अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. ज्या फाइलीसमोर ढगाचं चिन्ह आहे ती प्रत्यक्षात तुमच्या लॅपटॉपवर नाही, इंटरनेटवर आहे. असे फोल्डर कॉपी करण्याआधी त्यांच्यावर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा. विंडोज ११ मधलं 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲपही वनड्राइव्हवरच पाठवतं, तुमच्या हार्ड डिस्कवर नाही. तिथे फुकट जागा ५ जीबी असते.

मोबाइलमधले फोटो आधी लॅपटॉपवर आणा. अँड्रॉइड फोन वायरीने जोडला की फोनच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं, मग लॅपटॉपवर फोनमधला डीसीआयएम हा कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर दिसतो.

डिस्क जोडणं आणि तयार करणं

डिस्कसोबत आलेलीच वायर वापरा. लॅपटॉपवर निळ्या रंगाचं यूएसबी पोर्ट असेल तर त्यात जोडा, ते यूएसबी ३.० असण्याची शक्यता जास्त. फरक मोठा पडतो: जुन्या २.० पोर्टवर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, ३.० वर साध्या हार्ड डिस्कला शंभरच्या आसपास. म्हणजे ३०० जीबीला ३.० वर तासभर आणि २.० वर अडीच-तीन तास. बारीक बारीक फाइली हजारोंनी असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

डिस्क जोडली की 'धिस पीसी'मध्ये नवा ड्राइव्ह दिसेल. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, काय आहे ते पाहा. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस चांगली. विंडोज आणि मॅक दोन्हींवर न्यायची असेल तर एक्सफॅट घ्या, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. फॅट३२ असेल तर बदलाच, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतोच.

बदलण्यासाठी राइट क्लिक, फॉरमॅट, हवी ती सिस्टिम, स्टार्ट. फॉरमॅटने डिस्कवरचं सगळं जातं. म्हणून स्टार्ट दाबण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि क्षमता पुन्हा वाचा, आणि त्या वेळी दुसरा कोणताही पेनड्राइव्ह लावून ठेवू नका. त्याच खिडकीत डिस्कला नाव द्या, 'बॅकअप १' असं. तेच नाव चिकटपट्टीवर लिहून डिस्कलाही लावा.

पहिली प्रत हाताने घ्या

सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी एकदा स्वतः कॉपी करून पाहा, म्हणजे काय कुठे आहे ते समजतं. डिस्कवर तारखेचा फोल्डर करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. या क्रमाने लिहिलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. यादीतला एकेक फोल्डर निवडून कॉपी करा आणि तिथे पेस्ट करा. कट कधीही नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या आणि मध्येच झोपी जाणार नाही असं पॉवर सेटिंग करा.

डिस्क चालू असताना ती सपाट, न हलणाऱ्या जागेवर ठेवा. आत तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही खूप कमी अंतरावर तरंगत असतं. मांडीवर, गादीवर किंवा लटकत्या वायरीवर हे काम करू नका.

मध्येच विंडोज म्हणेल की मार्ग फार लांब आहे. विंडोजमध्ये फोल्डरांची नावं धरून फाइलीच्या पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते आणि मराठी नावांत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. 'सातबारा' हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, विंडोजच्या हिशोबात सात. त्यामुळे 'गावाकडील जमिनीची सर्व कागदपत्रे' अशा फोल्डरात तशीच लांबलचक नावं असली की मर्यादा लवकर ओलांडते. फोल्डरांची नावं आखूड करा, प्रश्न सुटतो. ज्या फाइलीवर अडलं ती 'स्किप' करून पुढे जाल तर तिचं नाव कागदावर लिहून ठेवा.

कॉपी संपली की मूळ फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर, दोन्हींची प्रॉपर्टीज शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइझ' जुळली पाहिजे. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' वेगळा असला तरी चालतं.

मग फाइल हिस्टरी लावा

हाताने घेतलेली प्रत चांगली, पण तिसऱ्या महिन्यात विसरली जाते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय आहे, फुकट आहे, आणि माझ्या मते नवख्या माणसाने दुसरं काही शोधू नये. डिस्क जोडा, स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनल शोधा, 'सिस्टिम अँड सिक्युरिटी' आणि मग 'फाइल हिस्टरी' उघडा. तुमची डिस्क दिसत असेल तर 'टर्न ऑन' दाबा. डिस्क जोडलेली असेपर्यंत ती दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत ठेवते. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जुन्या प्रती 'फॉरएव्हर' ठेवायच्या असं असतं. डिस्क लहान असेल तर तिथे 'अंटिल स्पेस इज नीडेड' निवडा.

यातला मोठा फायदा असा की जुनी आवृत्तीही राहते. समजा, प्रबंधातलं एक प्रकरण तुम्ही सोमवारी चुकून पुसलं आणि गुरुवारी लक्षात आलं. नुसत्या ताज्या कॉपीत पुसलेलीच फाइल असेल, फाइल हिस्टरीत रविवारची सापडेल. डिस्क उघडून पाहिलीत तर फाइलीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ लिहिलेली दिसते. म्हणजे उद्या लॅपटॉप बदलला, सोय बंद पडली, तरी त्या फाइली साध्या कॉपी-पेस्टने परत घेता येतात. मला ही सोय आवडते ती यासाठी. डेटा कुठल्या कुलपात अडकत नाही.

फाइल हिस्टरी ठरावीक फोल्डरच घेते. टॅलीचा किंवा डी ड्राइव्हवरचा फोल्डर तिच्यात आणायचा असेल तर विंडोज ११ मध्ये त्यावर राइट क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', 'इन्क्लूड इन लायब्ररी' आणि मग डॉक्युमेंट्स.

फ्रीफाइलसिंकसारखं फुकट सॉफ्टवेअरही अनेक जण वापरतात. त्यातला 'मिरर' पर्याय डिस्कला लॅपटॉपसारखं हुबेहूब करतो. लॅपटॉपवरून फाइल उडाली असेल तर डिस्कवरूनही उडवतो. 'अपडेट' पर्याय असं करत नाही, नवख्यांनी तोच घ्यावा.

मॅकवर डिस्क जोडून सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, टाइम मशीन एवढंच. २००७ पासून ही सोय मॅकमध्ये आहे: शेवटच्या २४ तासांच्या दर तासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ती ठेवते. सेट करताना ती डिस्क पुसते, म्हणून रिकामी डिस्क द्या आणि दुसऱ्या कामाला वापरू नका.

काढताना, आणि काढून ठेवताना

घड्याळाशेजारच्या यूएसबीच्या चिन्हावर क्लिक करून 'इजेक्ट' करा, 'सेफ टू रिमूव्ह' असा संदेश आला की डिस्कचा दिवा आणि कंप थांबू द्या, मगच वायर काढा. 'डिस्क वापरात आहे' असं आलं तर उघड्या फाइली बंद करा. तरीही नाही ऐकलं तर लॅपटॉप पूर्ण बंद करून काढा.

आणि काढाच. डिस्क चोवीस तास लावून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरलं तेव्हा त्याने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. डिस्क कपाटात असेल तर व्हायरस तिच्यापर्यंत पोचू शकत नाही.

डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलीत तर चोर दोन्ही नेतो. एकाच घरात ठेवलीत तर पाणी दोन्ही नेतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांत पाणी शिरलं तेव्हा दुकानांतले कॉम्प्युटर आणि कागदपत्रं एकाच वेळी भिजली. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम जगभर पाळतात. आपल्याकडे तो जमायला सोपा आहे: दुसरी डिस्क गावी, बहिणीकडे किंवा सासरी ठेवा. गणपतीला आणि दिवाळीला जाणं होतंच, तेव्हा ताजी डिस्क तिथे ठेवून जुनी परत आणा. तळमजल्यावर राहत असाल तर घरातली डिस्कही वरच्या कप्प्यात ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवा फार दमट असते, तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

डिस्कवर आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं असतील तर कुलूपही हवं. विंडोज प्रो असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'टर्न ऑन बिटलॉकर', होम असेल तर व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर. पासवर्ड आणि बिटलॉकरची रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा आकडा) कागदावर लिहून घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला दाखवून ठेवा. की हरवली तर तो डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही, आणि घरातला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूसच नसला तर बाकीच्यांना काहीच मिळत नाही.

परत आणून पाहा

बॅकअप झाला असं मानण्याआधी ही चाचणी करा. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक मराठी डॉक्युमेंट आणि एक एक्सेल उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून पाहा, अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला नीट चालतो. मग लॅपटॉपवर एक निरुपयोगी फाइल मुद्दाम करा, बॅकअप घ्या, ती पुसा आणि फाइल हिस्टरीतल्या 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स'मधून हिरवं बटण दाबून परत आणा. शांत वेळी हे हाताखालून गेलेलं असलं की खरी वेळ येते तेव्हा घाबरून भलतंच बटण दाबलं जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एवढं करा.

डिस्क कुरकुरायला लागली तर

फोल्डर उघडायला मिनिटं लागणं, मध्येच दिसेनाशी होणं, फाइलींची नावं विचित्र होणं ही लक्षणं दिसली तर आधी वायर आणि पोर्ट बदलून पाहा, कित्येकदा दोष तिथेच असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे पिवळं 'कॉशन' आलं तर मूळ प्रत शाबूत असताना लगेच नवी डिस्क घ्या.

आतून लयीत 'टक टक' आवाज येत असेल तर ताबडतोब काढा. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, दुरुस्तीची सॉफ्टवेअरं चालवू नका, फॉरमॅट तर नाहीच. प्रत्येक वेळी चालू करताना आतली तबकडी आणखी खरवडली जाऊ शकते. त्यावर एकमेव प्रत असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. ते काम महाग असतं, यशाची हमी कोणी देत नाही, म्हणून आधी तपासणीचा आणि मग कामाचा खर्च लेखी घ्या.

चांगल्या चाललेल्या डिस्कवरही मी चार-पाच वर्षांच्या पुढे विसंबत नाही. नवी घेऊन सगळं तिच्यावर कॉपी करा, चाचणी करा, मग जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवा किंवा निकालात काढा. कोणाला द्यायची किंवा ई-कचऱ्यात टाकायची असेल तर फॉरमॅटच्या खिडकीतली 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून फॉरमॅट करा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते आणि फाइली कोणीही परत काढू शकतो. पूर्ण फॉरमॅटला कित्येक तास लागतात, रात्रभर लावून ठेवा.